निर्वासित कुटुंबावर डिझर्टेशन करतेय, पण त्या बाईंनी मलाच एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले

मुक्ता_एमएसडब्ल्यू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी पुण्यात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) शेवटच्या वर्षाला आहे, डिझर्टेशनला विषय घेतलाय पुण्यातली निर्वासित कुटुंबं आणि त्यांचं इथलं रुळणं. विषय मीच हौसेने निवडला, गाईडनी पण लगेच हो म्हटलं.

तर ओळखीच्या ओळखीतून कोंढव्यातल्या एका अफगाण कुटुंबाकडे गेले (बारीकसारीक खाणाखुणा मुद्दाम बदलल्यात). नवरा इथे शिकायला आला होता, बायको आणि मुलगी २०२१ च्या सुरुवातीला आल्या आणि ऑगस्टमध्ये काबूल पडलं, मग परत जायचा प्रश्नच मिटला. दुसरं बाळ इथेच झालं. मी ४२ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन बसलेय, टॅबवर फॉर्म उघडलाय, आणि त्या बाई काचेच्या पेल्यात वेलदोड्याची ग्रीन टी ओततायत, बशीत साखरेत घोळवलेले बदाम, पेला जरा रिकामा झाला की लगेच परत भरतायत, मी नको नको म्हणतेय पण ऐकतंय कोण. हिंदी सिरियली बघून हिंदी शिकल्यात, बऱ्यापैकी बोलतात.

सतरावा प्रश्न होता, तुम्हाला या समाजाने सामावून घेतलंय असं वाटतं का, १ ते ५ मध्ये सांगा. त्या हसल्या. उठून कपाटावरून एक निळी प्लॅस्टिकची फाइल काढली. आत मुदत संपलेला पासपोर्ट, युएनएचसीआरचा (युनोच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचा) कागद, मुलीचं काबूलच्या बालवाडीचं सर्टिफिकेट (सगळं दरी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, शिक्के वगैरे सगळं). म्हणाल्या, "बेटी, ये सब लिखने से मेरी लडकी का दाखला हो जाएगा?" मला आधी वाटलं आपला तो शाळा सोडल्याचा दाखला मागतायत, मग ट्यूब पेटली की हिंदीत दाखला म्हणजे ॲडमिशन. मुलगी नऊ वर्षांची आहे, शाळेत जात नाहीये, कोपऱ्यात बसून धाकट्याला खेळवत होती.

मी "कोशिश करूंगी" असं काहीतरी पुटपुटले आणि निघाले. रिक्षात रडायलाच आलं खरं सांगायचं तर.

आता प्रश्न असा की असल्या रिसर्चचा त्या बाईंना काडीचा तरी उपयोग आहे का? गाईड म्हणतात तू रिसर्चर आहेस, मध्ये पडलीस तर डेटा बिघडेल. आणि मध्ये पडायचंच ठरवलं तर ॲडमिशनसाठी नेमकं काय करायचं? कोणी यातलं जाणकार असेल तर प्लीज सांगा.

सडेतोड_पुणेकर

राग मानू नकोस पण आधी आपल्या घरचं बघा की. मराठवाड्यातून, विदर्भातून माणसं येऊन बिल्डिंगच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत राहतायत, त्यांची पोरं वाळूच्या ढिगावर खेळतायत, त्यांच्यावर कर डिझर्टेशन. आणि भाड्याने देताना सोसायटीला कोण जबाबदार? आमच्याकडे मागच्या वर्षी एका फ्लॅटवरून केवढा राडा झाला, शेवटी चौकीवर जावं लागलं. कोण कुठला, कागद खरे की खोटे, आपल्याला कसं कळणार.

वकीलकाका_शनिवारपेठ

सडेतोड, साइटवरच्या पोरांचं म्हणशील तर पुण्यात डोअर स्टेप स्कूलवाले नव्वदच्या दशकापासून तेच करतायत, तिथे जाऊन आठवड्याला दोन तास शिकव, तुझ्यासारख्या तावातावाने बोलणाऱ्याची पोरांना मजा वाटेल. आणि कोण कुठला हे तू शोधायचं नाहीयेस. घरमालकाने लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायचं आणि परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत पोलिसांकडे ऑनलाइन कळवायचं, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. एवढं केलं की सोसायटीचं काम संपलं.

आता मुक्ता. खाणाखुणा बदलल्यास ते शंभर टक्के बरोबर केलंस.

कायदा थोडक्यात सांगतो. १९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल, दोन्हीवर भारताची सही नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. कायद्याच्या लेखी हे सगळे फक्त परदेशी नागरिक. आधी १९४६ चा फॉरिनर्स ॲक्ट होता, १ सप्टेंबर २०२५ पासून तो आणि त्याच्या जोडीचे तीन कायदे जाऊन एकच नवा २०२५ चा कायदा आलाय. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं, अफगाण, म्यानमारचे वगैरे दिल्लीला युएनएचसीआरकडे नोंद करतात. तिथलं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. पोलिसाने अडवलं तर दाखवायला बरं, पण त्यावर आधार निघत नाही, नोकरीचा हक्क मिळत नाही. सीएए (नागरिकत्व दुरुस्ती कायदा) पण यांना लागू नाही, त्यात ३१ डिसेंबर २०१४ ची तारीख आहे आणि मुसलमान धरलेले नाहीत.

एक वाट आहे. २०११ च्या डिसेंबरात गृह मंत्रालयाने पद्धत घालून दिली की एखादा परदेशी माणूस म्हणाला मला परत गेलो तर छळाची भीती आहे, आणि प्रथमदर्शनी ते पटलं, तर लाँग टर्म व्हिसाचा विचार करायचा. तो मिळाला तर खाजगी नोकरी करता येते, शिकता येतं. अर्ज एफआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसकडे, पुण्यात ते पोलीस आयुक्तालयातून चालतं. मिळेलच असं नाही, वेळ लागतो, पण अर्ज केलेला असणं आणि नसणं यात फरक पडतो. पासपोर्ट संपलाय म्हणतेस तर त्यासाठी मुंबईत अफगाण वकिलातीचं ऑफिस आहे. पण तिथे आता काबूलच्या राजवटीने नेमलेला माणूस बसतो. ज्यांच्या भीतीने पळालो त्यांच्याच माणसापुढे जाऊन नाव-पत्ता द्यायचा का, हा निर्णय त्या कुटुंबाचा. तू "जाऊन या ना" म्हणायचं नाहीस.

शाळेचं मात्र सोपं आहे, निदान कागदावर. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये शब्द आहे सहा ते चौदा वयाचं "प्रत्येक मूल". वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४ चं पोटकलम २. आणि कलम ४ प्रमाणे वयाच्या मानाने जो वर्ग तिथे बसवायचं, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत नाही ढकलायचं. अडचण येते ती सरकारच्या शाळा-पोर्टलवर आधार नंबर भरताना. तेव्हा तोंडी बोलायचंच नाही. साध्या कागदावर अर्ज, आईची सही, दोन प्रती, एकीवर शिक्का मारून पोच घ्यायची, पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. पोच हातात आली की निम्मी लढाई जिंकलीस.

बाळाच्या जन्माची नोंद झालीय का विचार. १९६९ च्या कायद्याने इथे झालेला प्रत्येक जन्म नोंदवायचा असतो, आईबाप कुठलेही असोत. त्याने नागरिकत्व मिळत नाही हेही स्पष्ट सांग, उगाच आशा नको.

पिंपरीकॅम्पवाला

मुक्ता बेटा, माझे आजोबा ४७ ला कराचीहून बोटीने मुंबईत उतरले आणि तिथून पिंपरीला, लष्कराच्या रिकाम्या बराकीत. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. आजी सांगायची, पडद्यापलीकडच्याला उचकी लागली तर इकडून पाणी जायचं. "शरणार्थी" म्हटलं की आजोबा भडकायचे, म्हणायचे शरणार्थी नाही, पुरुषार्थी. त्या काळी पुष्कळ सिंधी असंच म्हणायचे. आधी डोक्यावर पेटी घेऊन बिस्किटं विकली, मग हातगाडी, मग दुकान, तेच आज मी चालवतो आणि गिऱ्हाईकाशी तुमच्यापेक्षा शुद्ध मराठीत भांडतो.

माझ्या आजीला कुणी १ ते ५ मध्ये विचारलं असतं तर तिने पण चहाच पाजला असता आणि ५ सांगून वाटेला लावलं असतं. पाहुण्याला कोण दुखावणार.

आणि सडेतोडभाऊ, ससून हॉस्पिटलात गेलाय ना कधी? ज्याच्या पैशाने ते उभं राहिलं तो डेव्हिड ससून बगदादहून तिथल्या गव्हर्नरच्या जाचाला कंटाळून पळालेला ज्यू होता. लाल देवळाच्या, म्हणजे इथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्याची कबर आहे, एकदा जाऊन बघा.

कोल्हापुरी_तांबडा

आमच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पाच हजाराच्या आसपास पोलंडची निर्वासित माणसं होती की, बायका आन पोरंच जास्त. शाळा, चर्च, थेटर सगळं होतं म्हणं कँपात. माझी पंजी त्यास्नी दूध घालायची, पंजी पोलिश शिकली नाही पण त्यातल्या दोन पोरी चांगलं मराठी बोलायच्या. महावीर गार्डनात स्तंभ हाय त्यांचा. बाकी कायद्यातलं आपल्याला काय कळत नाही, पोरीला शाळेत घाला एवढंच.

मृदुला_ताई

मुक्ता, मी काही वर्षं दिल्लीत निर्वासितांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत होते, आता पुण्यात शिकवते. तुझ्या गाईडचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

आधी प्रश्नावलीबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. तू नक्कीच कुठलीतरी इंग्रजी स्केल घेऊन हिंदीत केली असशील (मी पण केलंय, लाजू नकोस). केनेथ मिलर आणि त्यांच्या अफगाण सहकाऱ्यांनी काबूलमध्ये लोकांनाच विचारलं की माणूस मनाने खचला की तुम्ही काय म्हणता, आणि त्यावरून २००६ साली २२ प्रश्नांची यादी छापली. त्यात काय शब्द आले बघ. "जिगर खून", म्हणजे काळजाचं रक्त होणं, जवळचं माणूस गेल्यावर किंवा मनाला लागेल असं काही झाल्यावर येणारं दुःख. "असबी", म्हणजे उठसूट चिडचिड, डोकं फिरल्यासारखं. "फिशार", म्हणजे आत दाब साचल्यासारखं. आपल्याकडे बाई "डिप्रेशन आहे" म्हणत नाही, "जीव लागत नाही", "डोक्यात नुसता भुगा झालाय" म्हणते, तसंच. तू त्या बाईंना ताण १ ते ५ विचारलास तर ३ सांगतील. जिगर खून होतं का विचारलंस तर कदाचित तासभर बोलतील, मात्र ते ऐकायची तयारी ठेवून जा, आणि ऐकून झाल्यावर कुठे पाठवायचं तेही माहीत असू दे.

फारसीचं म्हणशील तर आपण अर्धे तिथलेच आहोत. जमीन, दुकान, हजर, अर्ज, दस्तऐवज, अब्रू सगळं तिकडचं, शनिवारवाडा ज्यांचा त्या पेशव्यांचा "पेशवा" पण फारसी. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी "अर्ज" काही आपल्याला सोडून गेला नाही. पुढच्या वेळी हे शब्द काढून बघ, गप्पा वेगळ्याच रंगतात.

आता सामावून घेण्याचा तुझा सतरावा प्रश्न. ॲगर आणि स्ट्रँग या दोघांनी २००४ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी एक चौकट मांडली होती, ती वाच. त्यांनी नाती तीन प्रकारची धरली, आपल्याच लोकांशी बंध, शेजारपाजाऱ्यांशी पूल, आणि सरकारी यंत्रणेशी दुवे. तुझे बहुतेक प्रश्न पुलाबद्दल आहेत, शेजारी चांगले वागतात का, सणाला बोलावतात का. त्या बाईंनी फाइल काढून तुला सांगितलं की आमचं अडलंय ते दुव्यापाशी. त्यांनी तुझी प्रश्नावली दुरुस्त करून दिली आणि तुला वाटतंय इंटरव्ह्यू फसला!

रिसर्चचा उपयोग काय, तर हे घे. स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाच्या अर्जावर निर्णय यायला किती वेळ लागतो आणि पुढे नोकरी मिळते का हे ताडून पाहिलं, २०१६ मध्ये आलं ते. एक वर्ष जास्त ताटकळलं तर नंतर नोकरीत असण्याचं प्रमाण ४ ते ५ टक्के-पॉइंटनी घसरतं. वाट बघत बसून माणूस आतून विझतो हे तुझ्या-माझ्या आजीलाही माहीत होतं, पण सरकारपुढे आकडा ठेवला की बोलणं बदलतं. तसा अभ्यास त्या एका बाईच्या उपयोगी पडत नाही, तिच्यानंतर येणाऱ्यांच्या पडतो, कधीकधी. हे तिला सरळ सांगायचं. संमतीपत्रकात "आपल्याला याचा थेट लाभ नाही" असं असतं ना, तेवढं एकच वाक्य आपण भरभर वाचून टाकतो.

मध्ये पडावं का, तर पड आणि पडलीस ते लिही. कोणत्या टेबलवर काय सांगितलं, किती फेऱ्या झाल्या, पोच मिळायला किती मिनिटं लागली. याला ॲक्शन रिसर्च म्हणतात, गाईडना हा शब्द ऐकव, चेहरा बदलेल. तो रूढ करणारा कुर्ट लेविन स्वतः १९३३ मध्ये जर्मनीतून पळालेला ज्यू होता, हे पण सांगून टाक हवं तर. फक्त फोटो नको, रेकॉर्डिंग नको, आणि काही झालं तरी त्यांची फाइल घरी आणू नकोस. झेरॉक्स त्यांच्या समोर काढायची आणि मूळ कागद त्यांच्याच हातात.

टोरांटोकर_मूळ_सदाशिव

मृदुलाताईंच्या पोस्टला अनुमोदन. मी कॅनडातून लिहितोय, मदत करणाऱ्यांकडून काय चुका होतात ते सांगतो कारण आम्ही सगळ्या केल्यात. इथे १९७९ पासून सोय आहे की पाच जण एकत्र येऊन पैसे उभे करायचे, एका निर्वासित कुटुंबाला आणायचं आणि वर्षभर त्यांचं घर, शाळा, डॉक्टर सगळं बघायचं. आजवर तीन लाखांहून जास्त लोक असे आलेत. २०१५-१६ च्या हिवाळ्यात सिरियाचे २५ हजार आले तेव्हा आम्ही पाच मराठी मित्रांनी पण एक कुटुंब घेतलं. (२०२४ च्या नोव्हेंबरात पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं.)

उत्साहाच्या भरात आम्ही त्यांचा फ्रिज भरून ठेवला, पोहे, लोणचं, तूप, सगळं. त्यांनी दोन दिवसांनी अगदी नम्रपणे विचारलं की इथे ऑलिव्ह कुठे मिळतील. चला, ते हसण्यावारी गेलं. पण तिसऱ्या महिन्यात त्यांनी मोठा टीव्ही घेतला आणि आमच्या ग्रुपमध्ये जी काय जुंपली! आम्ही जमवलेले पैसे, आणि हे टीव्ही घेतात? एकाने तर महिन्याचा हिशेब मागायचं ठरवलं. शेवटी माझी बायको म्हणाली, बाहेर उणे वीस आहे, भाषा येत नाही, दोन पोरं घरात कोंडलेली, मी तर पहिल्याच आठवड्यात घेतला असता. सगळे गप्प. आमच्या डोक्यात कुठेतरी असं होतं की मदत घेणाऱ्याने जरा दीनवाणं दिसावं. लाज वाटते लिहिताना, पण होतं तसं.

कामाला आलं ते एकच, आमच्यातला प्रत्येक जण कुणाला तरी ओळखत होता. बापाला पहिली नोकरी लागली ती माझ्या मेकॅनिकच्या मेव्हण्याकडे. असं स्पॉन्सर केलेले लोक सरकारी योजनेतून आलेल्यांपेक्षा लवकर कामाला लागतात असं इथले अभ्यास सांगतात. अर्थात निवडूनच आणलेले असतात थोडेफार, तो भाग सोडून द्यायचा नाही. पण पाच ओळखी फुकट मिळतात हे खरंय. मुक्ता, तुझ्याकडे पैसे नसतील, ओळखी आहेत. बघ, या थ्रेडवरच वकील भेटला.

सडेतोड_पुणेकर

सी फॉर्मचं माहीत नव्हतं, चेअरमनला दाखवतो. मत तेच आहे माझं, आधी घरचे. पण त्या पोरीने काय घोडं मारलंय, शाळेत जाऊ दे तिला.

मुक्ता_एमएसडब्ल्यू

सगळ्यांना मनापासून थँक्यू, मी तीनदा वाचलं सगळं. अपडेट देते.

प्रश्नावली घरी ठेवून गेले. आधीच सांगितलं की माझ्या अभ्यासाने तुमचा थेट फायदा होणार नाही, अर्ज लिहायला मात्र मी बरोबर येईन, आणि तुम्ही माझ्याशी पुढे बोलला नाहीत तरी येईन. त्या म्हणाल्या, "मालूम था, फिर भी चाय पिलाई थी." काय बोलणार यावर.

पालिकेच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत गेलो, कारण मुलीला आईने घरी दरी वाचायला शिकवलंय म्हणजे लिपीचा प्रश्न नाही. मराठी तिथेही सक्तीचं आहे म्हणून तिला "माझे नाव" पासून शिकवायला घेतलंय, ळ म्हणताना जीभ बाहेर काढून हसते. ऑफिसात आधार, आधार आणि आधार. मी काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज पुढे केला, खाली कलमं लिहिलेली. पाऊण तास बसलो. पोच मिळाली!! मुख्याध्यापक बाईंनी मग मुलीला आत बोलावलं, उर्दूचं पुस्तक हातात दिलं, तिने अडखळत पण वाचलं, उच्चार सगळे दरी थाटाचे, त्या बाई मध्येच थांबवून म्हणाल्या, अगदी माझ्या उस्तादांसारखं वाचतेस. सोमवारपासून चौथीत बसवा म्हणाल्या, पोर्टलचं वरती विचारून कळवतील. म्हणजे नोंद अजून झालेली नाही, ते लटकलेलंच आहे.

बाळाची जन्मनोंद झालीय, दाखला आहे त्यांच्याकडे (हा आपला मराठीतला दाखला). लाँग टर्म व्हिसाबद्दल नवरा विचार करतोय, काका तुम्हाला मेसेज करते.

आता तातडीची गोष्ट, चौथीची उर्दू माध्यमाची बालभारतीची जुनी पुस्तकं कुणाकडे आहेत का? शाळेत फुकट मिळतात ते संच जूनमध्येच वाटून संपलेत. सोमवारपर्यंत हवीत.

पिंपरीकॅम्पवाला

माझ्या दुकानासमोरच्या टेलरची मुलगी यंदा पाचवीत गेली. आत्ताच विचारून आलो, सगळा संच आहे, फक्त गणिताचं पहिलं पान फाटलंय. चालेल का? चालत असेल तर रविवारी मी स्वारगेटपर्यंत घेऊन येतो.

मुक्ता_एमएसडब्ल्यू

चालेल काय, पळेल! अकरा वाजता येते.